चढावरचा श्वास

धाकट्यांचे केस पांढरे झाले, उठता-बसता गुडघे कुरकुरायला लागले, तरी साऱ्या वस्तीला ते धाकटेच राहिले. थोरले होते तोवर या नावाला काही अर्थ तरी होता. ते गेल्यावरही लोक सवयीनं 'धाकटे आहेत का?' असंच विचारत येत, आणि धाकटे गाडीखालून 'आहेत' म्हणून ओ देत.

रस्ता जिथे सपाटी सोडून टेकडी चढायला लागतो तिथेच वळणावर त्यांचं गॅरेज. पत्र्याची लांबट शेड, पुढे तेलानं काळं झालेलं सिमेंटचं अंगण, मागे थोरल्यांचं दोन खोल्यांचं घर, आणि शेडच्या माळ्यावर धाकट्यांची एक खोली. लग्नाचं त्यांचं राहूनच गेलं. कुणी फार खोदून विचारलं तर म्हणत, दादानं आमच्या दोघांच्या वाटचं केलंय.

या गॅरेजात एक रीत होती, आणि ती दुसऱ्या कुठल्या गॅरेजात असेल असं वाटत नाही. दोघांनी ऐकल्याशिवाय गाडी उघडायची नाही. गाडी आली की एक भाऊ ती चालवून आणी आणि काही न बोलता किल्ली दुसऱ्याच्या हातात देई. दुसरा फेरी मारून आला की थोरले विचारत, "ऐकलंस?" धाकटे म्हणत, "ऐकलं." मगच पाने-पक्कड बाहेर निघत. गिऱ्हाइकं वैतागत. जिवंत माणसाला तपासायला एक डॉक्टर पुरतो, इथे मात्र डब्याला दोन लागतात, असं एक भाजीवाला नेहमी म्हणे. पण गाडी द्यायची ती इथेच देई.

या रितीचं मूळ त्यांच्या वडिलांच्या म्हातारपणात होतं. वडिलांचा कान म्हणजे कान. घरात जेवायला बसलेला हा माणूस रस्त्यावरून गेलेल्या गाडीचा आजार ओळखायचा. पुढे त्याच कानानं त्यांना दगा दिला. बंद कपाटात कोणीतरी खोकतंय, भिंतीत कुजबुज चाललीय, असं ते सांगायला लागले. घरच्यांनी हसण्यावारी नेलं. मग एक दिवस एका धडधाकट गाडीच्या चाकात त्यांना खडखड ऐकू आली. कुणाला न विचारता त्यांनी ब्रेक उघडले आणि बसवताना काहीतरी उलटसुलट बसवलं. ती गाडी टेकडीवरून उतरताना थांबलीच नाही. चालवणारा वाचला, पण जन्माचा लंगडा झाला. तो पुढे बरीच वर्षं गॅरेजवरून जात-येत असे आणि कधी चकार शब्द काढत नसे. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं थोरले म्हणत.

त्या मोडक्या गाडीजवळ उकिडवे बसूनच दोघा भावांनी ठरवलं. दोघांपैकी ज्याला नसलेलं काही ऐकू यायला लागेल, त्याच्या हातातला पाना दुसऱ्यानं काढून घ्यायचा. वाद घालायचा नाही.

"तू थोरला आहेस म्हणून मी भीड धरणार नाही हं," धाकटे म्हणाले होते.

"धरलीस तर मार खाशील," थोरले म्हणाले.

पण पाना काढून घ्यायची वेळच आली नाही. थोरले गेले ते घशाच्या दुखण्यानं. श्वासाची नळी मऊ पडत गेली होती. श्वास घ्यायला लागले की आधी एक लांब ओढ यायची, मग आत काहीतरी मिटल्यासारखं व्हायचं, आणि त्या मिटलेल्या फटीतून एक बारीक शीळ. तो आवाज शेडच्या माळ्यावरही ऐकू येई. टेकडीपलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सबाई कामावरून परतताना रोज थांबत, थोरल्यांच्या उशाशी बसून त्यांना श्वास घ्यायला शिकवत, आणि जाताना वहिनींच्या पाठीवर हात ठेवत. कधी घाई केली नाही, कधी खोटी आशा दाखवली नाही.

थोरले गेल्यावर वहिनींना घरात एकटीनं बसवेना. त्यांनी आपलं शिवणयंत्र उचलून शेडच्या उजेडाच्या कोपऱ्यात आणून ठेवलं. तिथे बसून त्या लोकांच्या पिशव्या, पडदे, शाळेचे कपडे शिवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन शब्द सुनावत. जीभ कात्रीसारखी, मन मात्र मऊ. गॅरेजातलं थोरल्यांचं एक काम त्यांनी आपणहून उचललं. दुरुस्त झालेली गाडी मालकाला देण्याआधी थोरले बॉनेट उघडून सगळं इंजिन पुसून लखलखीत करत. ते काम आता वहिनी करू लागल्या, आणि गिऱ्हाइकं म्हणायला लागली की थोरल्यांपेक्षाही चमक बरी येते.

दुसऱ्या कानाचं मात्र अडलं. धाकट्यांनी त्यावर तोड काढली. गाडीच्या मालकालाच शेजारी बसवायचं आणि आवाज आला की विचारायचं, ऐकलंत का? मालक 'हो' म्हणाला की धाकट्यांच्या जिवात जीव येई. ते का विचारतात, हे वहिनींखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

असं सुरळीत चाललं होतं. मग धुक्याचे दिवस आले आणि नर्सबाईंची गाडी आली.

गाडी लहानशी, राखाडी, वयानं बरीच थकलेली, महिन्या-दोन महिन्यांनी कशा ना कशासाठी शेडमध्ये येणारी. नर्सबाई घाईत होत्या. चढावर हिचा दम तुटतो, असं त्यांनी सांगितलं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर जोर धरते, मग मागून कुणी पदर धरल्यासारखी जागीच बसते. हळू दाबलं तर कुरकुरत का होईना चढते, जोर केला की संपलं. आवाज काही येतो का, असं धाकट्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, औषधांचा वास डोक्यात जाऊ नये म्हणून मी सगळ्या काचा खाली करून जाते, वारा इतका असतो की स्वतःचं खोकणं ऐकू येत नाही. दवाखान्याची व्हॅन आली आणि त्या तिच्यात बसून गेल्याही.

गाडी एकट्या धाकट्यांच्याच हाती राहिली.

अंगणात त्यांनी तिला बरीच रेस देऊन पाहिली. इंजिन कुठे अडखळलं नाही. प्लग काढून पाहिले, कोरडे आणि स्वच्छ. एअर फिल्टर झटकला, पेट्रोलच्या पंपाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याच्या मुठीला कान लावला, पंप आपला गुणगुणत होता. मग ते गाडी घेऊन चढाला लागले.

तो चढ लांब आहे, मध्ये एकच वळण, बाकी सरळ. एका अंगाला बंद पडलेल्या कारखान्याची उंच भिंत, दुसऱ्या अंगाला जुनी दगडाची खाण, तिच्यात काळं पाणी साठलेलं. धुकं असलं की खाण दिसत नाही, रस्त्याची कड तेवढी दिसते आणि त्यापुढे पांढरं काहीतरी उभं असतं. काचा वर करून धाकट्यांनी पाय दाबला. गाडीनं जोर धरला. आणि मग, त्यांच्या गुडघ्यांच्या पलीकडे, डॅशबोर्डच्या मागे, कुणीतरी श्वास ओढला.

लांब ओढ. मिटणं. बारीक शीळ.

गाडी मंदावली. पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकला होता आणि गाडी मात्र पाण्यातून चालल्यासारखी जड झाली होती. धाकट्यांनी पाय काढला. श्वास थांबला. इंजिन पुन्हा नेहमीसारखं फुरफुरू लागलं.

त्यांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. सगळं जिथल्या तिथे. तारा, नळ्या, झाकणं, काही निसटलेलं नाही, काही फाटलेलं नाही. उघड्या बॉनेटपाशी उभं राहून हातानं रेस देऊन पाहिली. इंजिन झोपलेल्या मुलासारखं निरागस. परत बसले, परत पाय दाबला. परत त्यानं श्वास ओढला, तसाच, शेवटच्या त्या शिळेसकट. या खेपेला धाकट्यांनी नकळत मागच्या सीटवर वळून पाहिलं. तिथे नर्सबाईंची घडी केलेली पांढरी चादर होती आणि एक छत्री. त्यांनी इंजिन बंद केलं आणि बराच वेळ बसून राहिले. भिंत दिसत होती, खाण दिसत नव्हती. आपलेच दोन श्वास त्यांना ऐकू आले, आणि ते मोजून पाहावेसे वाटले, आपलेच आहेत ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वहिनींना म्हटलं, जरा शेजारी बसायला येता का? वहिनींनी सुईतला दोरा दातांनी तोडला आणि विचारलं, गाडी बघायला न्यायची आहे की मला लोकांना दाखवायला? तरी उठल्या, शाल घेतली आणि बसल्या. अंगणातून गाडी थेट चढाला लागली. धाकट्यांनी काचा घट्ट लावल्या, पाय तळापर्यंत दाबला आणि कान डॅशबोर्डकडे लावले.

गाडी सुरेख चढली. कारखान्याची भिंत भराभर मागे गेली, माथा आला. काही नाही.

"ऐकलंत का काही?" धाकट्यांनी विचारलं.

"तुमचं पोट वाजलं मघाशी," वहिनी म्हणाल्या. "सकाळी खाल्लं नाहीत वाटतं."

धाकटे हसले.  परतताना वहिनी दोन-तीनदा त्यांच्याकडे पाहत होत्या, ते त्यांना न पाहताच कळलं.

दुपारपर्यंत त्यांनी फिल्टर नवा टाकला, पेट्रोलची नळी फुंकून साफ केली, पुन्हा पुन्हा इंजिन चालवून पाहिलं. मग तसेच एकटे वर गेले. आणि तो होता. या वेळी जास्तच स्पष्ट. जणू दादा पुढच्या त्या अंधाऱ्या पोकळीत गुडघे पोटाशी घेऊन बसलाय आणि प्रत्येक चढाला त्याला धाप लागतेय. धाकट्यांच्या तोंडून 'हळू दादा' असे शब्द निघून गेले. ते शब्द स्वतःच्या कानांनी ऐकले तेव्हा त्यांना खरी भीती वाटली. वडीलही कपाटाशी असेच बोलायचे. खोकणाऱ्याला म्हणायचे, पाणी पी.

एकट्याला येतं, शेजारी कुणी बसलं की येत नाही. याहून स्पष्ट ते काय असायचं? पाना काढून घेणारा आता राहिला नव्हता. तेव्हा तो आपणच ठेवला पाहिजे, एवढं त्यांना कळत होतं. नाहीतर एखाद्या सकाळी आपण कुणाचे तरी ब्रेक उघडून बसू.

गॅरेजात आल्यावर त्यांनी हात धुतले, हत्यारांच्या पेटीला कुलूप लावलं आणि वडिलांच्या हातचा लांब पाना नि किल्ली घेऊन वहिनींपुढे जाऊन उभे राहिले. हे तुमच्यापाशी ठेवा, एवढंच म्हणाले.

वहिनींनी यंत्राचं चाक थांबवलं नाही. परकराला पाना लागत नाही भाऊजी, बटण लागतं, असं काहीतरी त्या म्हणाल्या, आणि मग धाकट्यांचा चेहरा पाहून त्यांचा पाय आपोआप थांबला. धाकटे लाकडी स्टुलावर बसले आणि त्यांनी सांगितलं. आवाज येतो हे सांगितलं, गाडी बसते हे सांगितलं, मला एकट्यालाच ऐकू येतो हे सांगितलं. कसला आवाज, हे विचारल्यावर मात्र त्यांनी पाना मांडीवर आडवा ठेवला.

"दादाचा," ते म्हणाले. "शेवटी शेवटी घ्यायचा तसा. शिळेसकट."

वहिनींनी मान खाली घातली. समोरच्या परकराची शिवण नखानं सरळ करत राहिल्या. धाकट्यांना वाटलं, आता त्या पाना घेतील, आणि घेतला तर बरंच. पण त्यांनी तो त्यांच्याच मांडीवर राहू दिला.

"मी ऐकला नाही हे खरं," त्या म्हणाल्या. "पण मी एकदाच बसले. तुमच्या दोघांच्या रितीत असं कुठे होतं, की दुसऱ्याला पहिल्या फेरीतच ऐकू आलं पाहिजे?"

धाकट्यांनी मान हलवली. तसं नव्हतं. कधी कधी थोरल्यांना चार-चार फेऱ्या माराव्या लागत.

मग वहिनी थोरल्यांबद्दल बोलू लागल्या, कारण आता ते नाव निघालंच होतं. त्या दिवसांत त्यांना झोप नसे. नर्सबाई गेल्या की त्यांनी शिकवलेलं त्या रात्रभर नवऱ्याच्या कानाशी पुन्हा पुन्हा म्हणत, लहान मुलाला पाढे म्हणून दाखवावे तसं. अजूनही पाठ आहे, असं म्हणून त्यांनी ते नर्सबाईंच्याच सुरात म्हटलं, की घाबरून जोरात ओढू नका, नळी मऊ झालीय, जितकं जोरानं ओढाल तितकी ती मिटेल, हळू ओढलंत तर उघडी राहील.

धाकटे स्टुलावरून उठले. परत एकदा म्हणा, असं त्यांनी सांगितलं. वहिनींनी म्हटलं. हळू दाबलं तर चढते, जोर केला की संपलं, हे त्याच नर्सबाई काल अंगणात उभ्या राहून सांगून गेल्या होत्या, आणि आपण ते कानाआड केलं होतं. आवाज दादाचा वाटला तेव्हा आपण पळालो. तो तसाच का वाटतो, हे विचारायचं राहून गेलं.

इंजिनही हवा ओढतंच की. फिल्टरच्या डब्यातून इंजिनच्या तोंडापर्यंत रबराची एक जाड नळी जाते, तिच्यातून. अंगणात उभ्या उभ्या ते थोडी हवा ओढतं, चढावर जोर लावताना भसाभसा ओढतं. नळी मऊ पडली असेल तर त्या ओढीनं ती आतल्या आत चपटी होईल, हवा तुटेल, दम तुटेल. पाय काढला की ओढ संपली, नळी पुन्हा गोल. बॉनेट उघडून कितीही पाहा, ती गोलच दिसणार. आणि रबर तापलं की जास्त मऊ होतं. सकाळी वहिनींना घेऊन गेलो तेव्हा इंजिन गार होतं.

हे सगळं त्यांनी भराभर सांगितलं. पटण्यासारखं होतं. पण वडिलांचंही सगळं पटण्यासारखंच असे. त्या खडखडीचं कारणही त्यांनी इतकं नीट समजावून सांगितलं होतं की ऐकणाऱ्यानं माना डोलावल्या होत्या.

"मग बघायला लागेल," वहिनी म्हणाल्या. "ते चालू असताना."

धाकट्यांनी पेटीचं कुलूप काढलं. बॉनेटच्या बिजागऱ्या सोडवल्या, दोघांनी मिळून ते पत्र्याचं झाकण उचललं आणि भिंतीशी पोत्यांवर टेकवून ठेवलं. तोंडावरची कातडी सोललेली असावी तशी ती गाडी दिसू लागली. इंजिन अंगणात चांगलं तापू दिलं, आणि मग दोघं आत बसले.

दुपार उतरली होती तरी धुकं उठलं नव्हतं. समोरच्या काचेपलीकडे, जिथे नेहमी रंगवलेला पत्रा दिसतो, तिथे आता काळं, वाफाळणारं, थरथरणारं इंजिन होतं आणि त्यावरून धुकं वाहत होतं. वरून उतरणाऱ्या एका सायकलवाल्यानं त्यांना पाहिलं आणि तो सायकलवरून उतरून भिंतीला चिकटून उभा राहिला. धाकट्यांनी गिअर टाकला. आता पाय दाबला की दोनच गोष्टी शक्य होत्या, एक तर नळी मिटेल, नाहीतर आवाज आपल्या डोक्यातलाच असेल, आणि ही दुसरी खरी निघाली तर त्यांना उद्यापासून या हातांनी काय करायचं ते माहीत नव्हतं.

त्यांनी पाय दाबला.

गाडीनं जोर धरला. आणि इंजिनच्या एका अंगाला, मनगटाहून जाड असलेली ती चकचकीत काळी नळी मधोमध आत गेली. हळूच, जिवंत गळा गिळताना जातो तशी. दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या, मध्ये एक फट राहिली, आणि त्या फटीतून ती शीळ आली. बॉनेट नसल्यानं ती उघड्या रस्त्यावर आली, कारखान्याच्या भिंतीवर आपटली आणि खाणीकडून परत आली.

धाकट्यांनी विचारायची गरज नव्हती. वहिनींचा हात स्वतःच्याच तोंडावर होता.

"हेच ते," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "हो. तसाच."

गाडी जवळजवळ थांबली होती. धाकट्यांनी पाय काढला, नळी फुगून गोल झाली. त्यांना रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो फक्त एक मोठा सुस्कारा. कान शाबूत होता. त्यांनी कपाळ स्टीअरिंगला टेकलं आणि तसेच राहिले.

वहिनींनी पुढे पाहतच विचारलं, परत एकदा दाबता का? धाकट्यांनी दाबलं. दोघं त्या गळ्याकडे बघत राहिले, तो मिटला, शीळ घुमली, आणि पुन्हा उघडला. तिसऱ्यांदा वहिनींनी सांगितलं नाही आणि धाकट्यांनीही आपणहून केलं नाही.

नळी काढली ती अंगणात परतल्यावर, इंजिन निवल्यावर. हातात घेताच ती कापडी पिशवीसारखी लुळी पडली. दाबलं की बोट रुतायचं. आणि बोटांना तेल लागत होतं. इंजिनचं काळं तेल नव्हे, पातळ, स्वच्छ, पाण्यासारखं. धाकट्यांनी वास घेतला. तो वास त्यांना ओळखीचा होता, रोज शेडच्या त्या कोपऱ्यातून यायचा. ते काही बोलणार नव्हते. पण वहिनी पुढे झाल्या, त्यांनी नळी हातात घेतली, नाकाशी नेली आणि आपल्या शिवणयंत्राकडे पाहिलं.

थोरले पुसत ते साबणाच्या पाण्यानं आणि कोरड्या फडक्यानं. वहिनींना त्यानं चमक कमी वाटली. यंत्राच्या तेलाचे चार थेंब फडक्यावर टाकले की रबर कसं नव्यासारखं दिसतं, हे त्यांना आपोआप सापडलं होतं. इतर गाड्यांना त्या चार थेंब वापरत. नर्सबाईंची गाडी आली की मात्र हात सैल सोडत, दोन-दोनदा चोळत. त्या बाईचं आपण आणखी काय करू शकणार होतो, असं त्यांना वाटे. आणि तेल रबराला आतून खातं, हे गॅरेजात जन्म गेलेल्या धाकट्यांना ठाऊक असूनही, चमक कशाची आहे ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"म्हणजे मीच की हो गळा आवळला तिचा," वहिनी म्हणाल्या. आवाजात थट्टा आणायचा त्यांनी प्रयत्न केला, तो जमला नाही.

धाकट्यांनी सांगितलं, की मघाशी तुम्ही ते पाठ म्हणून दाखवलं नसतं तर मी पेटीला कुलूप लावून बसलो असतो. हे खरंच होतं. तरी वहिनी त्या दिवशी यंत्राला तेल न घालताच शिवत बसल्या, आणि ते रात्रीपर्यंत कोरडं किरकिरत राहिलं.

नवी नळी आली. धाकट्यांनी ती बसवली, पट्ट्या आवळल्या, बॉनेट जागेवर चढवलं. शेवटची फेरी मारायला निघाले तेव्हा वहिनी न बोलावताच शेजारी येऊन बसल्या. इंजिन मुद्दाम चांगलं तापवलं होतं, काचा वर होत्या. चढाच्या पायथ्याशी धाकट्यांनी पाय दाबला आणि गाडीनं असा जोर धरला की वहिनींची पाठ सीटला टेकली. भिंत सरसर मागे गेली. इंजिनचा एकच भरदार सूर, त्यात कुठे फट नाही. माथ्यावर त्यांनी गाडी वळवली आणि समाधानानं स्टीअरिंगवर थाप मारली.

वहिनी सरळ बसल्या होत्या. मान किंचित तिरकी, नजर डॅशबोर्डवर.

"आत्ता आला ना?" त्यांनी विचारलं. "मधल्या वळणाच्या आधी. अगदी बारीक. ऐकलात ना तुम्ही?"

धाकट्यांनी ऐकला नव्हता. पूर्ण चढभर त्यांचे कान त्याच एका जागी लागले होते आणि तिथे काही नव्हतं. 'हो' म्हणायला किती सोपं होतं. शेजारी बसलेली ही बाई आणखी काहीच मागत नव्हती. पण त्याच एका 'हो'साठी ते स्वतः या चढावर किती भ्याले होते, ते त्यांना आठवलं, आणि कुणी खोटं 'हो' म्हटलं असतं तर आपलं काय झालं असतं, तेही.

"नाही वहिनी," ते म्हणाले. "नाही आला. मी सगळा वेळ ऐकत होतो."

धुक्यात इंजिन चालू होतं. वहिनींनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"बरं केलंत," त्या शेवटी म्हणाल्या. "हो म्हणाला असतात, तर मी रोज आले असते इथे."

धाकट्यांनी गाडी उताराला लावली. नर्सबाई संध्याकाळी न्यायला येणार होत्या, त्याआधी काचा पुसायच्या होत्या.  वहिनी खिडकीबाहेर पाहत होत्या. आणि धाकटे, ते मधलं वळण आलं तेव्हा, पाय अलगद उचलून, इंजिनचा आवाज अगदी कमी करून, स्वतःलाही न कळू देता ऐकत होते.